निलगिरीला बांधलेला रुमाल

“सुरेखा, हे गेले गं...” वहिनीचा फोन आला तेव्हा मी सुरतेत, पर्वत पाटियाच्या दुकानात साडीला फॉल लावत होते. सुई तशीच कापडात राहिली. आता महिना होऊन गेला, पण दादाबद्दल लिहायला बसलं की आधी रडू येत नाही, राग येतो. त्याचाही आणि माझाही.

दादा पांडेसऱ्याच्या रंगाईच्या मिलमध्ये वीस वर्षं होता. तिथं सगळेच खोकतात. त्याला ‘रंगाचा खोकला’ म्हणतात, आणि नाव पडलं की आजार संपला! खोकल्यावर रुमालात त्या दिवशी रंगवलेल्या कापडाचा रंग उतरतो. “आज कोणता माल?” असं मी विचारलं की दादा रुमाल उघडून दाखवायचा. हिरवा, जांभळा... आम्ही हसायचो. कसलं हसू होतं ते, देव जाणे.

ती निलगिरी मीच आणली. आखाजीच्या सणाला गावी जाणं जमलं नाही, म्हणून पलसाण्याच्या रस्त्यावरच्या नर्सरीतून रोप घेऊन त्याच्याकडे गेले. “पाल्याची वाफ घे, छाती मोकळी होईल,” असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्यानं एक रिकामं पिंप अर्धं कापलं, तळाला भोकं पाडली आणि गॅलरीत ठेवलं. शेंडा वर छताला टेकू लागला की खुडायचा, झाड उन्हाकडे वाकू नये म्हणून दर रविवारी पिंप थोडं फिरवायचा. हे झाड पाणी फार पितं. वहिनी कुरकुरायची, “पाहुण्याला चहा नाही मिळायचा, पण हिला दोन बादल्या!” तो रोज पाल्याची वाफ घ्यायचा आणि मला फोनवर सांगायचा, “छाती मोकयी व्हयनी, बरं वाटस.” मी फुशारून जायचे. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायचा, “तुनं झाड शे ना!”

दोन महिन्यांपूर्वी मी त्याच्याकडे गेले, तेव्हा तो पिंप फिरवताना खोकला. रुमाल लाल झाला. मी नेहमीसारखी चेष्टा केली, “आज लाल माल वाटतं?” त्यानं रुमाल मुठीत घेतला. मग म्हणाला, “हो ना. लग्नसराई शे.” रुमाल नळाखाली धुतला, पिळला, आणि वाऱ्यानं हलणारं निलगिरीचं खोड त्या रुमालानंच काठीला बांधून टाकलं. मी चहा पिऊन घरी आले.

दहाव्याला त्याच्यासोबत काम करणारा मित्र आला होता. बोलता बोलता म्हणाला, “भाऊ शेवटी शेवटी फार दमायचा. दोन महिने शाळेच्या ड्रेसचा निळाच माल चालू होता, तरी उसंत नव्हती.”

निळाच...

माझ्या हातातलं ताट खाली ठेवायला मला जागा सापडेना. मी आणलेल्या झाडाचा मान राहावा म्हणून तो खोटं बोलला, की मला घाबरवायचं नव्हतं म्हणून? आता विचारू कुणाला?

गेल्या रविवारी दादाच्या गॅलरीत गेले. पिंप फिरवलं, पाणी घातलं. खोड जाड झालंय, रुमालाची गाठ त्यात रुतायला लागलीय. वहिनी म्हणाली, “सैल कर, नाहीतर झाड मरेल.” गाठ सोडली. आतल्या घडीत, ऊन न लागलेल्या जागी, डाग तसाच होता, तपकिरी. मिलचा पक्का रंग असता, तर तो लालच राहिला असता.

मी तोच रुमाल पुन्हा बांधला, थोडा सैल.