बाबांचा कोट

पार्सिपनीच्या घरून निघताना आईने थालीपिठं बांधून दिली. "मिळेल ना रे तिथे काही?" तिने विचारलं. बघू, म्हणालो आणि गाडी काढली.

बाबांच्या विद्यार्थिदशेतल्या स्लाइड्स (पडद्यावर बघायचे फोटो) आमच्या बेसमेंटमध्ये (तळघरात) होत्या. तिथे पाणी शिरून त्या गेल्या, असं मी आईला सांगितलं होतं. पाणी शिरलंच नव्हतं. बाबा गेल्यावर घर आवरताना कंटाळून मीच ती खोकी न उघडता कचऱ्यात टाकली. लग्नाआधीच्या बाबांचा एकही फोटो आता घरात नाही. तसा एखादा शोधायलाच निघालो होतो.

पेनसिल्व्हेनियाचे डोंगर लाल-पिवळे झाले होते. ओहायोत मक्याची कापलेली शेतं लागली आणि मग बाबा शिकायला आले होते ते गाव. तिथल्या विद्यापीठाने गावातल्या जुन्या फोटो स्टुडिओच्या सगळ्या निगेटिव्ह जपल्या आहेत: लग्नं, बेसबॉलचे संघ, सैन्यात निघालेली पोरं, नव्या गाडीला टेकलेली कुटुंबं. सगळं गाव खोक्यांत तरुण राहिलेलं.

वाटेत खाल्लेल्या थालीपिठाचं तेल बोटांना होतं. तो संग्रह सांभाळणाऱ्या लिंडाबाईंनी आधी हात धुवायला पिटाळलं, मग 'भारतीय विद्यार्थी' असं लिहिलेलं पाकीट आणलं. कोट एकच दिसला म्हणून कोणीतरी हे सगळे फोटो एकाच माणसाचे समजलं होतं, असं सांगताना त्या ओशाळल्या. मला हसू आलं. कोट बाबांचाच होता, नागपूरच्या शिंप्याने खास अमेरिकेसाठी शिवलेला. घरी पाठवायचा फोटो कोटातच हवा, नाहीतर स्थळं कशी यायची? मग जो तो तोच कोट घालून बसायचा. कोणाच्या बाह्या बोटांवर आलेल्या, बाबांचे मित्र पाटणकरकाका, त्यांचं तर बटणच लागेना.

बाबा मात्र कुठेच नव्हते.

"कडेला बघा," लिंडाबाई म्हणाल्या. प्रिंट काढताना कडा कापायचे, निगेटिव्हमध्ये सगळं राहतं. त्यांनी पाटणकरकाकांची निगेटिव्ह खालून उजेड येणाऱ्या टेबलावर ठेवली. कडेला, स्टुडिओतल्या मागच्या पडद्याच्या बाहेर, एक सडपातळ मुलगा नुसत्या शर्टात, हातात दुसऱ्याचा स्वेटर धरून, कोट परत मिळायची वाट बघत हसत होता. ते हसू मी घरी फारसं पाहिलं नव्हतं.

त्यांनी अख्ख्या निगेटिव्हची प्रिंट काढून दिली. ती शेजारच्या सीटवर ठेवून परतलो.

आईने प्रिंट दिव्याखाली धरली. "यांचा कोट पाटणकरांच्या अंगावर? तरीच खांद्यात उसवलेला. लग्नानंतर मी शिवला तो." ती बराच वेळ हसली. तेव्हा बोललो नसतो तर पुन्हा कधीच बोललो नसतो.

"आई, बेसमेंटमध्ये पाणी शिरलं नव्हतं. स्लाइड्स मी टाकल्या. न बघता."

तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. फोटो घेऊन खोलीकडे निघाली आणि दाराशी थांबली.

"हा माझ्याजवळच राहू दे."

मी हो म्हणालो. तिचं बरोबरच होतं.