चाकामागचा दगड

कल्याणच्या बंदरावरून गावात येणारा रस्ता दिसायला साधासुधा होता. खाली खाडी, वर बाजार आणि मध्ये दोन-अडीचशे पावलांचा चढ. पण त्या एवढ्याशा चढावर जो सावळागोंधळ चालायचा तो पाहून नवख्या माणसाने कपाळाला हात लावला असता. पडाव-होड्यांतून उतरलेलं मीठ आणि कौलं भरून बैलगाड्या वर निघायच्या आणि नेमक्या अर्ध्या चढावर, वडापाशी, थांबायच्या. तिथे बैलांसाठी पाण्याचा हौद होता आणि गाडीवानांसाठी ताडीचं दुकान. गाडीवान बैल सोडायचा आणि भरलेली गाडी उभी असेल तिथेच टाकून चालता व्हायचा, मग ती रस्त्याच्या मधोमध का असेना. तिच्याशेजारी दुसरी लागायची, कारण दुसऱ्याला पहिल्याशी गप्पा मारायच्या असत. खाली टेकलेल्या जुवांना अडखळून एखादी टोपलीवाली पडली, तर शिव्या तिलाच. त्या गर्दीतून टांगेवाले चाबूक वाजवत असे घुसायचे, की जणू मागे वाघ लागलाय. ‘येथे गाड्या सोडू नयेत’ अशी एक फळी कुणीतरी वडाजवळ ठोकली होती. गाडीवान त्या फळीच्या खांबाला बैल बांधत.

ही गोष्ट अठराशे सत्त्याऐंशीच्या आसपासची. चढाच्या पायथ्याशी आवडाबाई वालाच्या शेंगा आणि माठाच्या जुड्या घेऊन बसायची. आगऱ्याची बाई, काळीसावळी, हाडापेराने मजबूत, बोलायला फटकळ. गिऱ्हाइकाशी बोलतानाही तिची नजर गिऱ्हाइकावर नसायची. ती वर बघत असायची, थांबणाऱ्या गाड्यांच्या चाकांकडे.

गाडी थांबली, बैल सुटले, की आवडाबाई उठायची. पाठीमागे पोत्याखाली रचून ठेवलेल्या दगडांतले दोन उचलायची, चढ चढून जायची, एक दगड एका चाकामागे आणि दुसरा दुसऱ्या चाकामागे घट्ट बसवायची, पायाच्या टाचेने ठोकून बघायची आणि परत येऊन शेंगा निवडायला लागायची. गाडी निघून गेली की रस्त्यात राहिलेले तेच दगड उचलून आणायची, नाहीतर टांग्याचा घोडा त्यांवर अडखळायचा. दिवसातून तीस-चाळीस वेळा. तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी कधी दोन शब्द गोड बोललंही नव्हतं.

यामागे एक दुपार होती. सोळा वर्षांपूर्वी तिचा नवरा धाकू याच बंदरावर मिठाची पोती वाहायचा. त्या दुपारी ती त्याची भाकरी घेऊन आली होती, कडेवर तीन वर्षांचा गुणाजी होता. धाकू चढाच्या पायथ्याशी सावलीला बसला आणि त्याने पहिला घास मोडला. वर वडापाशी कुण्या गाडीवानाने मिठाची गाडी सोडली आणि एकाच चाकामागे दगड लावला. दुसरा लावायचा त्याला कंटाळा आला. ओझं मागे झुकलं, मोकळं चाक फिरलं, गाडी त्या एका दगडावर गर्रकन वळली, दगडावरून निसटली आणि सरळ खाली आली. आवडाबाईने हाक मारेपर्यंत सगळं झालं होतं. नंतर ती माणसांच्या मागून वर गेली, तेव्हा तिला दिसलं की गाडी उभी होती तिथे दुसरा दगड हाताच्या अंतरावर पडलेला होता. नुसतं वाकायचं होतं. तोच दगड तिने घरी नेला आणि दुसऱ्या दिवसापासून हे काम सुरू झालं.

गाडीवानांना मात्र आयतीच सोय झाली. पहिली दोन-चार वर्षं काही जण आपले आपण दगड लावत. मग तेही सुटलं. “आवडाबाय हाय ना खाली!” म्हणत ते ताडीच्या दुकानाकडे वळत. तिला यायला उशीर झाला तर वरून शीळ घालत. एकदा एक नवा गाडीवान तिच्यावर खेकसला, की लवकर लाव, पगार कशाचा खातेस? त्यावर सगळे हसले, आवडाबाईसुद्धा हसली.

फक्त मुरबाडचा म्हातारा काळुराम आपले दगड आपण लावायचा. तिने पुढे येऊन हात लावलेला त्याला खपायचा नाही. एकदा तो पाणी प्यायला तिच्यापाशी टेकला आणि म्हणाला, “आवडे, तू या लोकांचे हात बांधून टाकलेस बघ.”

“मी कसले हात बांधतंय, काळुरामदादा? एखादा जीव वाचंल ना.”

“इथं वाचंल. पण जिथं तू नाय तिथं?”

आवडाबाईने त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. म्हाताऱ्याला बडबडायची सवय आहे, असं तिने मनाशी म्हटलं. पण तो गेल्यावर बराच वेळ तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

कारण गुणाजी तेव्हा गाडीवान झाला होता.

लहानपणी तिने त्याला चाकांपाशी फिरकू दिलं नव्हतं. पोरगं दगड घेऊन मागे यायला लागलं की ती पाठीत धपाटा घालायची. “चाकाजवल यायचा नाय! तिथंच बस!” ते बिचारं तिथेच बसायचं आणि लांबून बैलांकडे बघायचं. बैलांचाच नाद त्याला लागला आणि मोठा झाल्यावर त्याने बैलांचंच काम धरलं. ती तीन दिवस रडली, मग तिनेच त्याला नवा आसूड आणून दिला. तो आसूड त्याने बैलावर कधी उगारला नाही. इतका मायाळू पोरगा होता तो! गाडी थांबली की खाली उडी मारून आधी बैलांच्या मानेखाली खाजवायचा, त्यांना हौदावर न्यायचा, त्यांच्याशी गुजगोष्टी करायचा. मागे आई वाकून दोन्ही चाकांना दगड लावत असायची. चार वर्षांत गुणाजीने एकदाही मागे वळून बघितलं नाही. बघायचं असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं.

त्या पावसाळ्यानंतर आवडाबाईला हिवताप आला. तिसऱ्या दिवशी ती गोधडी पांघरून घरात पडली होती, तर शेजारची शकू हसत हसत सांगत आली, की गुणाजीची गाडी सुटली, पण वडाच्या मुळीला चाक अडलं आणि राहिली. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या म्हणे. आवडाबाईच्या अंगात ताप होता तरी ती गार पडली. गुणाजी घरी आल्यावर तिने विचारलं, “दगर नाय लावलास?”

“तू नव्हतीस ना, आये,” तो म्हणाला. अगदी सरळ मनाने म्हणाला.

तेव्हा त्याच्या कानशिलात एक ठेवून द्यायला हवी होती. हाताला धरून त्याला चढावर न्यायला हवं होतं, शंभर वेळा वाकवायला हवं होतं. आवडाबाईने काय केलं? दुसऱ्या दिवशी पहाटे तापातच उठली आणि दगड घेऊन जागेवर जाऊन बसली.

दिवाळीनंतर गुणाजीला ठाण्याला काम मिळालं. नौपाड्याकडे नवी घरं उठत होती, बंदरावरून कौलं ओढायला गाड्या हव्या होत्या. तिने भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली, बैलांच्या कपाळाला कुंकू लावलं. गाडी निघाली. काहीतरी सांगायचं राहिलंय असं तिला सारखं वाटत होतं, पण काय ते आठवेना. गाडी वळणापाशी पोचली आणि तिला आठवलं. ती धावत सुटली. “गुणाजी! दगर! दोनी चाकांना दगर लाव रं!”

बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजत होती. गुणाजीने हसून हात हलवला. त्याला वाटलं, आई नेहमीसारखं नीट जा म्हणतेय.

पुढचा दीड महिना आवडाबाई चढावर तीस-चाळीस वेळा जायची ती पन्नास वेळा जायला लागली. लावलेला दगड पुन्हा जाऊन बघायची. ठाण्याला चढ नाहीत, असं तिला शकूने सांगितलं होतं. ती ते स्वतःला रोज सांगायची. रात्री मात्र तिला धाकूचा मोडलेला घास दिसायचा.

बातमी काळुरामनेच आणली. त्याची गाडी थांबली, पण त्याने बैल सोडले नाहीत. तो तसाच खाली चालत आला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याच्या तोंडाकडे बघूनच आवडाबाईने विचारलं, “माझा गुणाजी गेला का?”

“गुणाजी जिता हाय,” काळुराम म्हणाला. “त्याच्या गाडीखाली माणूस गेला.”

नौपाड्याच्या रस्त्यावर एक चढ होता. चढ म्हणायलाही लाज वाटावी एवढासा. गुणाजीने तिथे कौलांची गाडी सोडली, बैलांच्या मानेखाली खाजवलं आणि त्यांना पाण्यावर नेलं. खाली दौलत नावाचा देशावरचा माणूस चणे-फुटाण्यांची पाटी घेऊन बसला होता. त्याची पाठ गाडीकडे होती. गुणाजी पळाला नाही. पोलीस आले तेव्हा तो दौलतच्या उशाशी बसला होता आणि एकच बोलत होता, की आई लावते, दगड आई लावते. तो भ्रमिष्ट झालाय असं लोकांना वाटलं. सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

आवडाबाई आगगाडीने ठाण्याला गेली. आधी तुरुंगाकडे गेली नाही. विचारत विचारत दौलतच्या झोपडीशी गेली. त्याची बायको कलावती दारातच बसली होती, कपाळ मोकळं, पुढ्यात रिकामी पाटी. वय फार तर पंचविशीचं. आवडाबाई धाकूच्या वेळी होती तेवढंच.

“कोण तुमी?” कलावतीने विचारलं.

“त्या गारीवाल्याची आई.”

आता ही अंगावर येईल, झिंज्या धरील, असं आवडाबाईला वाटलं. तिला तेच हवं होतं. पण कलावतीने पुढ्यातली पाटी बाजूला सारली. मग म्हणाली, “दगूड तिथंच पडल्याला व्हता वं. हाताशी. नुस्तं वाकायचं व्हतं. तुमी त्येला शिकिवलं न्हाई?”

आवडाबाई तिथेच धुळीत बसली. “नाय शिकवला,” ती म्हणाली. “मीच लावायची. सगल्यांचे मीच लावायची.” आणि ती जशी रडली, तशी धाकू गेला तेव्हाही रडली नव्हती. कलावती रडली नाही. ती उठून आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी आवडाबाई जागेवर बसली. वर गाडी थांबली. गाडीवान पोपटने बैल सोडले आणि सवयीने शीळ घातली. आवडाबाई उठली, पण दगडांकडे वळली नाही. रिकाम्या हाताने चढ चढून गेली आणि कौलांनी भरलेल्या त्या गाडीमागे, चाकाला पाठ लावून, मांडी घालून बसली. डोक्यावर ओझं कलतं होतं. चाक कुरकुरलं.

“अगं, येडी झालीस काय? ऊठ!” पोपट ओरडला.

गाडी बोटभर मागे सरकली, तिच्या पाठीत चाकाची लोखंडी धाव रुतली. पोपटची ताडीची तल्लफ जागच्या जागी उतरली. तो दगड शोधत धावला. कित्येक वर्षांत वाकला नव्हता, त्याला तो कसा बसवायचा तेही धड सुचेना. दोन्ही चाकांना दगड लागले तेव्हा आवडाबाई उठली आणि पुढच्या गाडीमागे जाऊन बसली.

लोकांनी समजावलं, शिव्या दिल्या. शकूने पाय धरले. काळुराम म्हणाला, “आवडे, एक दिवस यात मरशील.” ती म्हणाली, “व्हय.” गाडीवान दगड लावायला लागले, पण तिच्या डोळ्यांत बघून कुणी लावत नव्हतं. आणि रोज एखादा तरी विसरायचाच. तो विसरला की चाक कुरकुरायचं, खालचा रस्ता श्वास रोखून उभा राहायचा.

सहा महिने सरले. एका दुपारी गुणाजी भाड्याच्या गाडीत मीठ भरून चढावर आला. डोकं भादरलेलं, गालफडं बसलेली. त्याने बैल सोडले आणि त्याचा हात आपसूक बैलाच्या मानेखाली गेला. मागे काहीतरी हललं. त्याने वळून बघितलं, आयुष्यात पहिल्यांदा. आई चाकामागे बसली होती.

“आये! ऊठ गं तिथून!”

ती त्याच्याकडे बघतही नव्हती. गुणाजीने बैल तसेच टाकले. हौदाच्या कडेचा एक दगड त्याने दोन्ही हातांनी उपसून आणला, गुडघ्यांवर बसला आणि आईच्या खांद्याशेजारून चाकामागे सारला. उठून टाचेने ठोकला. मग त्याने तिला उठवायला हात पुढे केला.

आवडाबाईने हात धरला नाही. पलीकडचं मोकळं चाक हळूच फिरायला लागलं होतं.

“आन दुसऱ्या चाकाला?” तिने विचारलं.