चोलोक पाणी का अडवतो

सेयिलकान जाऊन चाळीस दिवस झाले, त्याचं जेवण होतं. काल्दारबेकनं सगळ्यांसमोर, वडीलधाऱ्याला लावतात ते 'बायके' लावून म्हटलं, "ओमुरझाक-बायके, तिच्याबरोबर सगळ्यात जास्त काम तुम्ही केलंत. चार शब्द तुम्हीच बोला." ओमुरझाक उठला, टोपी सारखी केली, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला तिची म्हणावी तशी माहितीच नाही. ती आतबाशीकडची. नवरा ट्रकवर. मुलगा रशियात कुठेतरी बांधकामावर. चहात मीठ घालायची. लांडगा, कोल्हा, चेटकीण, असली सगळी वाईट पात्रं तिच्याच हातात यायची, कारण तिचा आवाज जाड होता आणि मनगट दणकट. याच्यापुढे काय? "बाई चांगली होती," एवढं बोलून तो खाली बसला. लोकांनी दुवा मागितली आणि भात पुढे सरकवला.

घरी आल्यावर त्याला वाटलं, एक गोष्ट आपल्याला ठाऊक होती. तीसुद्धा सरळ तिच्याकडून कळलेली नव्हती. ती एका ड्रॅगनमुळे कळली होती.

नारिनच्या जुन्या क्लबाच्या मागच्या बाजूला बाहुल्यांच्या खेळाची ही मंडळी होती. ओमुरझाक तिथे प्रॉम्प्टर. आयुष्यभर अंधाऱ्या खोपच्यात बसून दुसऱ्याची वाक्यं दुसऱ्याच्या कानात घालायची, हा त्याचा धंदा. निवृत्त होऊनही तो रोज यायचा, कारण तिथली शेगडी घरच्यापेक्षा बरी तापायची. नाटकं लिहिणारा माणूस राजधानीत निघून गेला तेव्हा काल्दारबेकनं, म्हणजे मंडळीच्या दिग्दर्शकानं, लिहिण्याचं काम ओमुरझाकच्या गळ्यात मारलं. "बायके, तुमच्या कानावर जितकी नाटकं पडलीत तितकी कुणाच्याच नाही पडली. ती जुनी झऱ्याची गोष्ट घ्या आणि तासाभराचा खेळ करून द्या."

गोष्ट त्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही पाठ. एक ड्रॅगन झऱ्याच्या उगमावर वेटोळं घालून बसतो, पाणी अडवतो, गाव तहानेनं तडफडतं, मग एक धीट पोरगा त्याचं मुंडकं उडवतो. ओमुरझाकनं ती जशीच्या तशी उतरवली. ड्रॅगन मात्र तरुण केला, कारण म्हाताऱ्या ड्रॅगनला पुरेल इतका लोकरीचा नमदा गोदामात नव्हता. जुन्या नमद्याचे तुकडे खवल्यांसारखे शिवले, मानेवर घोड्याच्या केसांची आयाळ लावली, लाकडी जबडा बसवला, आणि शेवटी नमदा संपला म्हणून शेपूट आखूडच राहिलं. त्यावरून त्याचं नाव पडलं चोलोक, म्हणजे बांडा. मुंडकं सेयिलकानच्या उजव्या हातात. शेपूट मेंदेशकडे. मेंदेश सांगत फिरायचा की घरी बायकोपुढे आणि इथे सेयिलकानपुढे, आपल्या वाट्याला आलं ते शेपूटच.

पहिला खेळ वरच्या गावातल्या शाळेत झाला. चोलोकनं झऱ्यावर वेटोळं घातलं, गुरगुरला, आणि तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "पण हा पाणी का अडवतो?"

पडद्यामागे सेयिलकानचा हात वर होता. चोलोकनं जबडा उघडला, थोडा वेळ तसाच धरला आणि मिटला. पोरं हसली. खेळ पुढे गेला, मुंडकं उडालं, टाळ्याही पडल्या. पण परतताना गाडीत ती ओमुरझाकशेजारी येऊन बसली.

"बायके, तो पाणी का अडवतो?"

"वाईट आहे म्हणून."

"ते मलाही कळतं. पण मला कारण ठाऊक नसलं की हात नुसता लाकडासारखा हलतो. त्या पोरीनं ते बरोबर पकडलं."

ओमुरझाकला त्या रात्री झोप लागली नाही. आपल्याला लिहिता येत नाही, हे आता साऱ्या खोऱ्याला कळलं, असं त्याला वाटत राहिलं. त्यानं एक कारण शोधलं: गावातल्या कुणीतरी चोलोकच्या बापाला मारलं होतं, तो सूड घेतोय. तालमीत मेंदेशनं विचारलं, "आमच्या शेजाऱ्यानं माझ्या बापाचा घोडा पळवला होता. मी कुणाचं पाणी तोडलं? मी त्याच्या पोरीशी लग्न केलं." सगळे हसले. सूड गेला. मग ओमुरझाकनं चोलोकला हावरट करून पाहिलं. सेयिलकाननं दोन दिवस तो हावरटपणा हातावर चढवून पाहिला आणि म्हणाली, ह्याची भूक खरी वाटत नाही, हा जेवून आलाय.

ती म्हणाली ते ओमुरझाकच्या डोक्यात बसलं. हा जेवून आलाय. मग ह्याला जेवायला कोण घालतं?

एकदा दुपारी शेगडीपाशी ती चोलोकच्या गळ्याची उसवलेली शिवण घालत होती आणि ओमुरझाक दोरा ओवून देत होता, कारण तिला चष्म्याशिवाय दिसायचं नाही आणि चष्मा घालायची लाज वाटायची. तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, "ह्याला आजीनं वाढवला असेल तर?"

"मग तर नशीबवान आहे. आजीच्या पोराला कशाची कमी?"

"कशाचीच नाही," ती म्हणाली. "तेच म्हणतेय मी."

ओमुरझाकला काही उमगलं नाही. त्यांच्याकडे पहिलं मूल आजी-आजोबांना द्यायची रीत. त्याचा स्वतःचा थोरला भाऊ तसाच वाढला होता आणि घरातलं सगळ्यात मऊ मांस त्याच्या ताटात पडायचं. असल्या पोरांना लोक लाडोबा म्हणतात. त्यांची कुणी कीव करत नाही.

तिनं मग शिवता शिवता थोडं सांगितलं, तेही असं की जणू चोलोकचंच सांगतेय. तीही पहिली. पाळण्यातच आजीकडे गेली. आजीला ती आपा म्हणायची, म्हणजे आई. जन्म देणाऱ्या बापाला दादा म्हणायची आणि जन्म देणारीला जेंगे, म्हणजे वहिनी, कारण आजीच्या लेकीला ती नात्यानं वहिनीच की. आजीनं तिला डोळ्यांत तेल घालून जपलं. उन्हाळ्यात सगळे वर कुरणावर जात, शेजारी शेजारी तंबू पडत, आणि जेंगे रोज सकाळी ओढ्यावर धाकट्या दोघींचे केस ताकानं धुवायची आणि बाहेर उन्हात बसून विंचरायची. सेयिलकानचे केस आजी विंचरायची, आणि आजीचा हात जास्त हलका होता. जेंगेचा हात जड. धाकट्या कळवळून ओरडायच्या.

"आणि मी काय करायचे ठाऊक आहे, बायके? कंगवा लपवायचे. दरसाल. एकदा तर ओढ्यात फेकून दिला."

"कुणी रागावलं नाही?"

"मला कोण रागावणार? मी आजीची. जेंगे तर मला चहासुद्धा पाहुण्याला देतात तसा द्यायची, अर्धीच वाटी, पुन्हा पुन्हा." तिनं दोरा दातानं तोडला. "माझं कुणी काही वाईट केलं नाही. ह्याचंही कुणी केलेलं नाही. म्हणून बिचाऱ्याला राग काढायला माणूसच सापडत नाही. मग पाणी अडवतो."

ओमुरझाकनं ते लिहिलं. चोलोक वर बर्फात आजीपाशी राहतो, खाऊनपिऊन सुखी. खाली तळ्यात त्याची आई धाकट्या पिलांना घेऊन असते. आणि गावातल्या बायका झऱ्यावर येऊन आपापल्या पोरांचे केस धुतात. पाणीच नसेल तर केस कसे धुणार? एवढंच कारण. मोठ्या खलनायकाला शोभणारं नव्हतं, पण तालमीत सेयिलकानच्या हातावर चोलोकची मान पहिल्यांदाच तिरकी झाली, आणि मेंदेशनं शेपूट हलवायचं थांबवून वाकून पाहिलं, वर कोण आहे म्हणून.

अडलं काल्दारबेकपाशी. तो स्वतः आजीचा. "अहो, अर्धं थिएटर आज्यांनी भरलेलं असतं," तो म्हणाला. "नातवाला मांडीवर घेऊन बसतात. त्यांना आपण सांगायचं, तुम्ही वाढवलेलं पोर खलनायक होतं? उद्या मी आमच्या म्हातारीला काय तोंड दाखवू?" ओमुरझाक लगेच म्हणाला, बरं, काढून टाकतो. त्याला असंच वाटत होतं की काल्दारबेकचं बरोबर असणार. सेयिलकान मात्र हटली नाही. म्हणाली, आजीला नाटकात आणा, भरपूर प्रेमळ करा, तिच्या तोंडी एकही वाकडा शब्द नको. तडजोड झाली. मुंडकं उडवणंही गेलं. शेवटी आई खालून चढून येते आणि पाणी मागते, चोलोक तिला हाक मारतो, आणि झरा सुटतो.

हाक कोणती, ते ओमुरझाकनं लिहिलं होतं: "आपा."

तालमीत सेयिलकान त्या जागेपर्यंत यायची आणि थांबायची. काल्दारबेकला वाटलं विसरली. ओमुरझाकनं सवयीनं कुजबुजून शब्द दिला. तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी काल्दारबेक चिडला. एक शब्द आहे, म्हणाला, दोन अक्षरांचा, तान्हं पोरही म्हणतं.

"तो शब्द त्यानं आजीला दिलाय," सेयिलकान म्हणाली. "त्याच्यापाशी दुसरा नाही. काढून कसा घेणार?"

"मग काय म्हणेल तो?"

"मला अजून कळलेलं नाही."

काल्दारबेकनं सांगून टाकलं, हाक आली नाही तर झरा सुटणार नाही, झरा सुटला नाही तर लोक घरी जाणार नाहीत, आणि नव्या नाटकाच्या पहिल्या खेळाला शब्द आला नाही तर चोलोक त्याचं जुनं मुंडकं उडवून घेईल. त्यात भर म्हणजे खेळाच्या आदल्या दिवशी सेयिलकान ओमुरझाकला म्हणाली की धाकटा भाऊ आतबाशीहून जेंगेला घेऊन येतोय. म्हातारी झालीय, कधी थिएटर पाहिलेलं नाही. हे सांगताना ती गोंदाच्या डब्याचं झाकण उघडत होती आणि लावत होती.

खेळाच्या दिवशी ओमुरझाक मुद्दाम आपल्या जुन्या खोपच्यात जाऊन बसला. तिथून त्याला अर्धं प्रेक्षागृह आणि अर्धा पडद्यामागचा भाग दिसायचा. तिसऱ्या रांगेत एक बारीकशी म्हातारी पांढऱ्या रुमालात ताठ बसली होती, दोन्ही बाजूंना नातवंडं. आजीच्या प्रवेशाला सगळ्या आज्या खूश झाल्या. एकीनं तर चोलोकला मोठ्यानं सांगितलं, "खा बाळा, खा."

शेवटचा प्रवेश आला. आई-ड्रॅगन मेंदेशच्या दुसऱ्या हातावर होती आणि मेंदेश बारीक आवाजात बोलत होता. तिनं पाणी मागितलं. चोलोकनं मान वर केली आणि थांबला.

ओमुरझाकच्या ओठांवर शब्द आला होता. उभ्या आयुष्यात त्यानं रंगमंचावर रिकामी जागा पडू दिली नव्हती. त्यानं ओठ घट्ट मिटले आणि हाताचा पंजा तोंडावर धरला. मागच्या बाजूला कुणीतरी खोकलं. काल्दारबेक विंगेतून डोळे वटारत होता.

मग चोलोक जाड, दबलेल्या आवाजात म्हणाला, "जेंगे, माझे केस विंचराल?"

पोरं खो खो हसली. ड्रॅगनचे केस! मेंदेशला पुढे काय करायचं ते ठाऊक नव्हतं, कारण असं काही लिहिलेलंच नव्हतं. पण त्यानं आई-ड्रॅगनचा पंजा उचलला आणि घोड्याच्या केसांच्या त्या आयाळीतून वरून खाली फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. काल्दारबेकनं निळं रेशीम सोडलं. झरा वाहिला. आज्यांनी डोळे पुसले की नाही, ते ओमुरझाकला दिसलं नाही. तो तिसऱ्या रांगेकडे पाहत होता. म्हातारी तशीच ताठ बसली होती.

खेळ संपल्यावर भाऊ तिला मागे घेऊन आला. सेयिलकान उभी होती, चोलोक अजून हातावरच. म्हातारीला कुणीतरी स्टूल दिलं, तळलेले बोरसोक आणि चहा पुढे ठेवला. तिनं खेळाविषयी चकार शब्द काढला नाही. पुढे बसलेल्या बाप्याची टोपी उंच होती, तिला निम्मं दिसलंच नाही, एवढीच तक्रार केली. मग चोलोककडे बोट दाखवलं.

"ह्याची आयाळ कुणी बघतं का? केवढा गुंता झालाय."

"वेळ कुठे मिळतो, जेंगे," सेयिलकान म्हणाली.

"इकडे आण."

म्हातारीनं खिशातून कंगवा काढला, चोलोकचं मुंडकं आपल्या गुडघ्यावर घेतलं आणि विंचरायला बसली. हात जड होता. केस ताडताड तुटत होते. अशी निगा ठेवतात का, आमच्या घोड्यांची शेपटं बरी, असं काहीबाही पुटपुटत होती. सेयिलकान तिच्यापुढे जमिनीवर बसली. चोलोकच्या आत तिचा हात होता आणि तो तिनं शेवटपर्यंत काढला नाही. मेंदेश विनोद करायला तोंड उघडत होता. ओमुरझाकनं त्याला कोपरानं ढोसलं.

चोलोक त्या हिवाळ्यात पुष्कळ गावं फिरला. सेयिलकान पुढे कधी त्या दिवसाविषयी बोलली नाही आणि ओमुरझाकनंही विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, हे त्याला अजून कळत नाही. बर्फ वितळू लागलं तेव्हा एका सकाळी ती घरातच, चुलीपाशी बसल्या बसल्या गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय.

आदल्या संध्याकाळी तो क्लबातून निघाला होता, ती आत दारापाशी उभी राहून चोलोकचा जबडा उघडझाप करून बघत होती.

"बायके, ह्याचा स्क्रू ढिला झालाय. उद्या येताना स्क्रूड्रायव्हर आणाल?"

"आणतो. लहान की मोठा?"

"लहानच आणा," ती म्हणाली. "आणि दार नीट ओढून घ्या, गार वारं येतंय."