डेव्हिडदादांचे तीन तारे

डेव्हिड रोहेकर शनिवारी पेन हातात धरत नाहीत. पनवेलच्या एका छोट्या संग्रहालयात मात्र महिन्याच्या दुसऱ्या शनिवारीच आकाशावर व्याख्यान असतं, मग गच्चीवर दुर्बीण. आणि दारात नोंदवहीत नाव लिहिल्याशिवाय आत सोडत नाहीत. म्हणून त्यांचं नाव लिहितो दारावरचा बळीराम.

"बँकेत पस्तीस वर्सं सह्या ठोकल्या तुमी," बळीराम म्हणतो, "आन हितं आमी तुमचे कारकून."

"शब्बाथ आहे बाबा. तीन तारे दिसेपर्यंत काम नाही."

बळीरामला हे पाठ आहे. शब्बाथ म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस; शुक्रवारी दिवस मावळला की रोहेकरांच्या घरातली चूल बंद, ती शनिवारी आभाळात तीन तारे दिसले की पेटायची. घरासमोर सात मजली बिल्डिंग उभी राहिल्यापासून त्यांच्या पत्नी शुलामिथबाईंना गॅलरीतून आभाळच दिसत नाही. तारे मोजायचं काम लग्नापासून डेव्हिडदादांचंच; आता त्यासाठी बाहेर पडावं लागतं. व्याख्यानाच्या शनिवारी ते गच्चीवरून मोजतात आणि बळीरामच्या मोबाइलवरून घरी रिंग देतात. ती रिंग वाजली की बाई चहाचं आधण ठेवतात. बाईंना चहाचं भारी व्यसन; शनिवारी दुपारपासून कपाळ धरून बसलेल्या असतात.

फेब्रुवारीतल्या व्याख्यानाला कॉलेजात शिकवणाऱ्या रंजिताबाई आल्या होत्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "सध्या अंधार पडताना पश्चिमेला जो ठिपका पहिल्यांदा दिसतो तो शुक्र, आणि डोक्यावर दुसरा दिसतो तो गुरू. पुष्कळ लोक त्यांना तारेच समजतात."

डेव्हिडदादा खुर्चीत सरळ झाले. हात वर केला.

"बाई, नुसत्या डोळ्यांनी ओळखायचं कसं?"

"तारा लुकलुकतो, काका. ग्रह सहसा लुकलुकत नाही."

त्यानंतर दादांचं व्याख्यानात लक्ष राहिलं नाही. गच्चीवर सगळ्यांच्या आधी ते पोचले. पश्चिमेला एक ठिपका, डोक्यावर दुसरा. दोन्ही गपगार, शिळ्या दुधावरच्या सायीसारखे. आग्नेयेला तिसरा निघाला तो मात्र थरथरत होता. व्याध.

"झाले तीन?" बळीरामने मोबाइल पुढे केला.

"एकच झाला."

"आवो, तीन दिसतात की मना. पोराला इचारलं तरी सांगंल."

"त्यातले दोन बाद आहेत."

बळीरामने आभाळाकडे पाहिलं, मग दादांकडे. "आज सकाळपासून काय खाल्लंव?"

दादांचा हात मोबाइलकडे गेला आणि माघारी आला. नेहमीच्या वेळेला रिंग दिली तर शुलामिथला काही कळणार नव्हतं. उशिरा दिली तर ती कारण विचारणार, आणि मग सांगावं लागणार, की लग्न झाल्यापासून कोण जाणे किती शनिवार तिचा चहा आपण शब्बाथात उकळायला लावला. ताऱ्यांची ही मोजणी त्यांना आईने शिकवली होती. आईला तरी कुणी सांगितलं असेल? तिच्या कडेवर बसूनच तर त्यांनी पहिल्यांदा शुक्राकडे बोट दाखवलं होतं, एक म्हणून.

मागे दुर्बिणीला रांग लागली होती. दादा कठड्याशी उभे. बऱ्याच वेळाने उत्तरेला ब्रह्महृदय लुकलुकलं. रोहिणी काही केल्या दिसेना, कॉलनीच्या दिव्यांचा उजेड आडवा येत होता. शेवटी रंजिताबाईंनीच ती बोटाने दाखवली.

"दे," दादा म्हणाले.

नुसती रिंग द्यायची पद्धत, पण आज शुलामिथबाईंनी फोन उचलला. "अहो, आज ढग होते का?"

"ढग नव्हते. आपण इतकी वर्षं ग्रह मोजत होतो, शुलामिथ. शुक्र आणि गुरू. ते तारे नव्हेत."

बळीराम उगाच जिन्याकडे बघत राहिला.

"म्हणजे दर शनिवारी?"

"दर शनिवारी नाही. ते रोज थोडेच दिसतात. पण पुष्कळदा."

"कोणकोणत्या शनिवारी, ते तुम्हाला आठवतंय?"

"नाही."

"मग आता काय करायचं?"

"पुण्याला विचारतो, तिथल्या सिनेगॉगमधल्या जाणत्यांना. आणि रंजिताबाईंकडून यादी घेतो, कुठल्या महिन्यात कुठला ग्रह."

"यादी माझ्याकडे द्यायची," बाई म्हणाल्या. "आणि पुढच्या महिन्यात मी येणार तिथे. तुम्ही मोजा, मी तपासते. जिने किती आहेत?"

"दोन."

"चढेन. या आता, आधण ठेवते."

फोन परत देताना दादा बळीरामला म्हणाले, "पुढच्या वेळी दोन नावं लिही."