बिनआवाजाची खोली

रिकामी जागा बघायला गेलेला माणूस आधी खिडकीशी जातो. संजना आधी दार लावायची, खोलीच्या मधोमध उभी राहायची आणि डोळे मिटून एक टाळी वाजवायची. मग कान देऊन ऐकत राहायची. जागा दाखवणारा एजंट राकेश तोवर किल्ल्यांचा जुडगा बोटावर फिरवत असे. तिसऱ्या जागेला त्याच्याने राहवलं नाही.

"मॅडम, ऑफिस बघताय की विपश्यना करताय? त्यासाठी इगतपुरीला जावं लागेल."

"त्या किल्ल्या जरा वाजवू नका ना," संजना डोळे न उघडताच म्हणाली.

संजना लोकांचे कान तपासते. एका मोठ्या इस्पितळात सात वर्षं तिने हेच काम केलं आणि यंदा दिवाळीनंतर स्वतःचं मशीन घेऊन ती मोकळी झाली. पेशंटच्या कानाला हेडफोन लावायचा, हातात बटण द्यायचं आणि मशीनमधून बारीक, मग आणखी बारीक आवाज सोडायचा. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण या कामाला शांतता लागते. सुरुवातीला तिने घरच्या हॉलमध्येच पेशंट बसवले. तेव्हा एका आजींनी शेजारच्या कुकरच्या शिट्टीला मोठ्या प्रामाणिकपणे बटण दाबलं होतं. तपासणी चुकली की कानातलं यंत्र चुकीचं बसतं, आणि मग म्हातारं माणूस ते कपाटात टाकून पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसतं. संजनाला ते नको होतं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी तिची खुर्ची महिनाअखेरपर्यंत रिकामी ठेवली होती. तोवर शांत जागा मिळाली नाही, तर मुकाट्याने परत जाणं आलं.

आणि नाशकात शांत जागा काही केल्या सापडत नव्हती. गंगापूर रोडवरची खोली सुरेख होती, पण वरच्या मजल्यावर व्यायामशाळा. कुणी वजन खाली टेकवलं की छत हुंकारायचं. कॉलेज रोडच्या जागेत बाहेरची लिफ्ट दर दोन मिनिटांनी "कृपया दरवाजा बंद करें" अशी विनवणी करायची. इंदिरानगरला शेजारी शिकवणी होती. तिथे पोरं एका सुरात पाढे म्हणत होती, आणि तेही चुकीचे. दर वेळी संजना उत्साहाने जिना चढायची आणि टाळी वाजवून उतरायची.

शेवटी तिचे वडील सावळीराम म्हणाले, "आपल्या सातपूरला बघ की. माझ्याबरोबरच्या एकाचा गाळा रिकामा आहे, पुढे दोन खोल्या. शनिवारी जाऊ."

सावळीरामांनी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षं पत्रा दाबायच्या प्रेसवर काढली होती. प्रेसने त्यांना क्वार्टर दिलं, मुलीचं शिक्षण दिलं आणि बदल्यात कान घेतले. हे त्यांना मात्र मान्य नव्हतं. "मला सगळं ऐकू येतं, लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात," असं ते म्हणत. मुलगी सगळ्या गावाचे कान तपासत होती, पण बाप काही तिच्यासमोर बसत नव्हता. घरात त्यांच्याशी सगळे वरच्या पट्टीत बोलत. शेजारणीला बरेच दिवस वाटायचं, या घरात फार भांडणं होतात.

शनिवारी दोघं गेली. गाळा रस्त्याच्या आत होता, समोर कडुनिंब. संजनाने दार लावलं, टाळी वाजवली आणि डोळे मिटले. काही नाही. कडुनिंबावरचा एक पोपट बोलला आणि गप्प झाला. तिने मोबाइलवरचं आवाज मोजायचं ॲप लावून पाहिलं. आकडा इतका खाली की तिने मोबाइल झटकून पुन्हा बघितला.

"पप्पा, हीच," ती ओरडली. "पप्पा, हीच जागा."

टोकन तिथल्या तिथे दिलं. घरी जाताना पेढे घेतले. रविवारभर ती जाड पडद्यांची मापं काढत होती.

सोमवारी पडदेवाल्याला घेऊन ती गाळ्याच्या कोपऱ्यावर पोचली, तेव्हा जमीनच हादरत होती. डावीकडे धाड, उजवीकडे धाड, मागे कुठेतरी लोखंड कापल्याची किंकाळी. पडदेवाला काहीतरी बोलत होता, त्याचे नुसते ओठ हलताना दिसले.

सातपूरला कारखान्यांची सुट्टी शनिवारची. त्या वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं, आणि संजना तर तिथेच वाढली. पण तिच्या लेखी शनिवार म्हणजे पप्पा घरी असण्याचा, निवांत दिवस. तो निवांतपणा कारखाने बंद असल्याने असतो, असा हिशेब तिने कधी केलाच नव्हता. सावळीराम मागून आले. तिचा चेहरा बघून म्हणाले, "काय झालं?"

"मशिनी चालू आहेत, पप्पा," ती त्यांच्या कानाशी ओरडली.

त्यांनी भिंतीवर तळहात टेकला. "हां, चालू आहेत की. दोन प्रेस आहेत. मागचा मोठा आहे."

"मग तुम्ही शनिवारी कशाला आणलंत?"

"शनिवारी सुट्टी असते म्हणून," ते साधेपणाने म्हणाले आणि एकदम थांबले. प्रेसचा आवाज त्यांच्यापुरता कधीच बंद झाला होता. तो बाकीच्या जगाला अजून ऐकू येतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. हात भिंतीवरून काढून त्यांनी खिशात घातला.

मित्राने टोकन हसत परत केलं. दुसऱ्या दिवशी राकेशचा फोन आला, तेव्हा ते आधीच चपला घालून दारात उभे होते. "मीपण येतो. माझ्यामुळे चार दिवस गेले तुझे."

आता संजना टाळी वाजवायची आणि सावळीराम प्रत्येक भिंतीला हात लावायचे. "इथे खाली पाण्याची मोटर आहे," ते सांगत. किंवा, "पलीकडे पिठाची गिरणी आहे, आत्ता बंद आहे, पण चालल्यावर भिंत थरथरणार. बघ, कोपऱ्यात पीठ उतरलंय."

"काका, तुम्ही भिंतीची नाडी बघता का?" राकेश म्हणाला.

"काय?"

"म्हटलं, चहा घेऊ."

चहा पेठ रोडला, मार्केट यार्डाजवळ झाला. महिना संपायला दोन दिवस होते. राकेश बशीत बघत म्हणाला, "एक जागा आहे, पण दाखवायची लाज वाटते. खिडकीच नाही. दोन वर्षं कुणी घेत नाही."

"खिडकी नाही?" संजनाने कप अर्धाच खाली ठेवला. "चला."

जागा खंडेराव नावाच्या द्राक्षांच्या व्यापाऱ्याची होती. पुढे छोटी खोली आणि मागे द्राक्षं गार ठेवायची कोठी. धंदा पिंपळगावला हलवल्यावर थंडीचं मशीन विकलं होतं आणि कोठीत नुसती रिकामी क्रेट पडली होती. बाहेर टेम्पो मागे घेताना शिट्ट्या देत होते, हमाल हाका मारत होते, कुणीतरी भाजीचा भाव पुकारत होतं. संजनाचं तोंड उतरायला लागलं.

"ह्यात काय बसणार तुमी?" खंडेराव म्हणाले. "माल ठिवायची जागा हाय ती. दार आतूनबी उघडतं, भिऊ नका."

दार वीतभर जाड होतं. संजना आणि सावळीराम आत गेले, संजनाने ते ओढून घेतलं, आणि अख्खं मार्केट यार्ड नाहीसं झालं.

तिने टाळी वाजवली. टाळीसुद्धा भिंतींनी तिथल्या तिथे गिळली. मोबाइलच्या उजेडात तिने आकडा पाहिला. तो शनिवारच्या गाळ्यातल्यापेक्षाही खाली होता. वर एक झरोका पाडायचा, पंखा बसवायचा, तपासताना तो बंद ठेवायचा. पेशंट इथे बसेल, मशीन तिथे. आणि दिंडोरी, पेठकडची म्हातारी माणसं तर मुलांबरोबर इथे येतातच, माल घेऊन.

"पप्पा, भिंतीला हात लावून बघा," ती सवयीप्रमाणे ओरडली.

"ओरडतेस कशाला?" सावळीराम म्हणाले.

संजना थबकली. ते पाठमोरे होते, हात भिंतीवर. ती आवाज उतरवून साधंच म्हणाली, "आणखी चहा घेणार?"

"आत्ताच तर घेतला," ते म्हणाले. मग सावकाश वळले. बाहेरचा गोंगाट मध्ये नव्हता, म्हणून मुलीचा साधा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला होता. किती वर्षांनी, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. "बोल बघू अजून," ते म्हणाले.

"काय बोलू?"

"काहीपण. घरात तू एवढी वसकन् का बोलतेस ते आज कळलं."

ते एका उपड्या क्रेटवर बसले आणि शर्टाची बाही उगाच सारखी केली. "मशीन आण इथे. आधी माझेच बघ. म्हणजे खोली ठीक आहे का, तेही कळेल."

"खोलीसाठी ना?"

"खोलीसाठीच," सावळीराम म्हणाले.

दार उघडलं तर यार्डाचा कलकलाट एकदम अंगावर आला आणि समोर घामेजलेले खंडेराव उभे. "कवाधरनं हाका मारतोय, घ्यायची का नाय जागा? ऐकू येत नाय का काय?"

"अजिबात नाही आलं," संजना म्हणाली, आणि हसू आवरेना म्हणून तिने राकेशच्या हातातला किल्ल्यांचा जुडगाच काढून घेतला.