पाण्यात उभी केलेली बोट

लातूरच्या माणसानं शिडाची बोट घेतली म्हणून भावकी महिनाभर हसत होती. बंदरावरची नोकरी संपल्यावर मी ती ट्रकवर घालून आणली आणि थोरल्या भावाच्या, आण्णांच्या शेतापाशी, नांदेडच्या विष्णुपुरी धरणाच्या पाण्यात सोडली. आण्णा मात्र हसले नाहीत. "एकटा जातूस. सुकाणूचा दांडा सोडला की बोट पळणार, मग तुला कोण धरणार?" वेळ अमावस्येला, शेतातल्या पूजेच्या आणि पंगतीच्या सणाला, त्यांनी थेट बोटीचं गिऱ्हाईकच जेवायला बोलावलं. त्यांची अट एकच: एकट्यानं पल्याड जाऊन परत यायचं. कुणाला ओढून आणावं लागलं तर बोट विकायची. मी तोऱ्यात निघालो.

जाताना वारा पाठीशी होता. येताना तोच तोंडावर, म्हणजे नागमोडी यायचं. दर वळणाला डोलकाठीपुढची दोन्ही शिडं, मोठं आणि त्यामागचं छोटं, या बाजूची त्या बाजूला घ्यायची. हात दोनच. त्यात मी जन्मभर गाडी हाकलेल्या घरातला. बैल ज्या बाजूला वळवायचा त्या बाजूचा कासरा ओढतात, सुकाणूचा दांडा मात्र उलट ढकलावा लागतो. भर पाण्यात घाईनं मी कासराच ओढला. बोट भलतीकडे गेली. चरफडत वळवली, तर मोठं शिड छोट्या शिडाच्या तारेत गुंतलं.

काठावर आण्णा मला ओढून आणायला मच्छीमाराची होडी सोडायला लावताना दिसले आणि माझं डोकं तापलं. छोटं शिड अजून जुन्याच बाजूला बांधलेलं होतं, वारा त्यात उलटा भरत होता. ते मी मुद्दाम तसंच ठेवलं आणि दांडा वाऱ्यापासून लांबच्या बाजूला ढकलून दोरीनं आवळला. शिड बोटीचं नाक एकीकडे ढकलतंय, सुकाणू दुसरीकडे. दोघांच्या ओढाताणीत बोट शहाण्यासारखी जागीच डुलत राहिली. मी रमतगमत पुढं गेलो, गुंता सोडवला, वर डब्यातली आंबील प्यालो. काठाकडे बघून हातही हलवला. होडी निम्म्यातून माघारी फिरली.

काठाला लागलो तेव्हा छाती आनंदानं भरून आली होती. पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीपुढं, त्या खोपटापुढं, पंगत बसली होती. गिऱ्हाइकाच्या ताटात आण्णांनी भाज्या-डाळींची भज्जी वाढली, वर बाजरीचा उकडलेला उंडा ठेवला.

"पोटभर खावा," ते म्हणाले. "बोट द्यायची न्हाई. ह्यानं सोडली तरी ती ह्याला टाकून जात न्हाई."