पहिला डबा अक्कांचा

मल्लिनाथ गेल्याचं पत्र दुधनीहून त्याच्या भावानं पाठवलं होतं. वाचून डोळ्यांत पाणी आलं नाही. मनात आलं ते एवढंच, की आता भांडायचं कुणाशी? ... महिना उलटला, तरी तो प्रश्न सुटलेला नाही.

सोलापूरच्या कॉलेजात तो रसायनशास्त्र शिकवायचा, मी त्याच्या प्रयोगशाळेत सहायक. एका वयाचे, म्हणून 'सर' कधी मध्ये आलंच नाही. माझी थोरली बहीण सुशीलाअक्का वैरागच्या दवाखान्यात नर्स. वस्त्यांवर कंदिलाच्या उजेडात बाळंतपणं करायची. एका खोपटात धूर इतका कोंडला की बाळ-बाळंतीण जेमतेम वाचली, हे तिनं जेवताना सांगितलं आणि मल्लिनाथचा घास हातातच राहिला. चंद्रावर गेलेल्या यानात इंधनघटाची वीज होती, हे त्यानं वाचलेलं. हायड्रोजन सोडायचा, त्याचा प्राणवायूशी संयोग होऊन वीज निघते, मागं उरतं ते पाणी. "दत्ता, धूर न्हाय, आवाज न्हाय. हातात धरून नेता येईल असा डबा करू की!"

दोन वर्षं कॉलेज सुटल्यावर आम्ही त्यात खपलो. निकेलची जाळी मी कापायची, कॉस्टिक पोटॅशचं जहाल द्रावण त्यानं ओतायचं. गळती थांबेना, माझ्या बोटांची सालटी निघाली. आणि एका दुपारी, खिडकीला पोती लावलेल्या खोलीत, इवलासा दिवा लागला तो लागूनच राहिला. अक्काला मुद्दाम बोलावलं. डब्याला हात लावून ती म्हणाली, "कंदील जवळ ठेवला तर चालंल?"

"कंदील विझवूनच हा लावायचा, अक्का," मल्लिनाथ म्हणाला. "पहिला डबा तुमचाच."

अक्कानं ते वस्तीवस्तीवर सांगितलं. बाया वाट बघू लागल्या.

उन्हाळ्यात मल्लिनाथ डबा घेऊन मुंबईला एका कंपनीत दाखवायला गेला. आठ दिवसांत येतो म्हणाला. महिन्यानं आला तो नेमणुकीचं पत्र घेऊन. डबा नव्हता. त्याआधीच वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला होता; खाली लिहिलं होतं, 'एकट्याच्या जिद्दीनं'.

"माझं सोड," मी म्हणालो. "अक्काचं काय?"

त्यानं पत्राची घडी घालून खिशात ठेवली. "करारात बसत नाही रे... दुसरा करायलाही मनाई आहे."

सही करताना हे त्याला ठाऊक होतं. अक्का एवढंच म्हणाली, "मग त्या बायांना मी काय सांगू?" कंपनीनं वर्षभरात ते काम गुंडाळलं. मल्लिनाथ तिथंच राहिला, मोठा झाला. अक्काच्या हातात कंदीलच राहिला. नंतर त्याची दोन पत्रं आली. मी उत्तर दिलं नाही.

मागच्या आठवड्यात दुधनीला, त्याच्या गावी, जाऊन आलो. त्याच्या आईला सगळे कानडीत अव्वा म्हणतात; मला ती लाडानं तम्मा, धाकटा भाऊ, म्हणते. तिनं माझा हात धरून त्याच्या खोलीत नेलं. "तुजं नाव लई घ्यायचा की, तम्मा. 'दत्ता नसता तर माज्यानं झालं नसतं', म्हनायचा."

"कुणाला म्हणायचा, अव्वा?"

"मला. आनि कुनाला?"

खिडकीपाशी त्याची वेताची खुर्ची होती. अव्वानं पदरानं ती पुसली, बस म्हणाली. मी चहा उभ्यानंच घेतला.